मुलाचा बुजरेपणा आणि पालकांचे मन : खानदेशाच्या संदर्भात

मुलाच्या बुजरेपणाचा इतिहास लिहावयाचा म्हटल्यास साधनांची उणीव प्रथमच जाणवते. शाळांच्या दप्तरात हजेरी, गुण व शिक्षा यांची नोंद असते. उत्तर ठाऊक असूनही जे मूल उभे राहत नाही, त्याच्या मौनाची नोंद सहसा होत नाही. अशा स्थितीत भाषा हेच पहिले साधन ठरते. ‘बुजणे’ हे क्रियापद मराठीत विशेषेकरून जनावरांच्या संबंधी योजिले जाते. बैल बुजला म्हणजे गाडीवान तो कशाला बुजला हे पाहतो. मूल बुजले म्हणजे मात्र क्रियापदाचे विशेषण होते. मूल ‘बुजरे’ ठरते आणि कारणाचा शोध तेथेच संपतो. चार लोकांत आपले हसे होईल या धास्तीने मुलाचे मन आखडणे, यास आज सामाजिक चिंता म्हणतात. पालकांच्या मनःस्थितीशी तिचा असलेला संबंध ध्यानी येण्यास विलंब का लागला, याचे उत्तर काही अंशी या विशेषणात आहे.

खानदेशात या प्रश्नाचा मागोवा घेण्यास अमळनेर हे सोयीचे स्थळ होय. पांडुरंग सदाशिव साने हे १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते व छात्रालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. घर सोडून आलेल्या मुलांना त्यांनी दिलेली माया सर्वश्रुत आहे. ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिकही त्यांनी तेथेच चालविले. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. त्यातील घर खानदेशातील नव्हे, कोकणातील आहे. तथापि, मुलांच्या सहवासात घालविलेल्या वर्षांनंतर एका शिक्षकाने बालमनाकडे कसे वळून पाहिले, याचे ते साधन आहे.

त्यातील पोहण्याचा प्रसंग परिचित आहे. श्याम पाण्यास भिऊन लपून बसतो. आई त्याला मारून विहिरीवर पाठविते. वाचकांनी या प्रसंगात सामान्यतः धैर्याचा संस्कार पाहिला. किंचित निराळ्या दृष्टीने पाहता, मुलाला जगाने भित्रा म्हणावे हेच आईला असह्य आहे, असे दिसते. मुलाची भीती पाण्याची. आईची भीती लोकांची. पुस्तकात अन्यत्र याच घरावर कर्जाचे ओझे आहे आणि सावकाराच्या माणसाकडून झालेला अपमान आहे. आईची लोकलाज ही एकटीच्या स्वभावातून उपजलेली नसून तिची मुळे घराच्या हलाखीत आहेत. ललित कृतीवरून कोणाही व्यक्तीचे रोगनिदान करणे अर्थातच गैर होय. परंतु लोकांच्या नजरेची धास्ती घरात कशी उतरते, हे या साधनात स्पष्ट उमटले आहे.

शास्त्राची वाटचाल याहून संथ होती. फ्रान्समधील पिएर जाने यांनी १९०३ मध्ये सामाजिक प्रसंगांच्या भीतीचे वर्णन केले होते. मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी जी संस्था १९३६ साली निघाली व पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली गेली, तिने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. अशा केंद्रांच्या पद्धतीत मुलाबरोबर पालकांशीही बोलणे अभिप्रेत होते. हा मोठाच पालट म्हटला पाहिजे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात मात्र ‘सामाजिक भयगंड’ या स्वतंत्र विकाराला १९८० मध्ये स्थान मिळाले.

त्यानंतरच्या संशोधनाने संक्रमणाची वाट दाखविली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका प्रयोगात, आई अनोळखी माणसाशी घाबरत बोलताना ज्या तान्ह्या मुलांनी पाहिली, ती पुढे त्याच माणसापासून अधिक दूर राहिली. उपजतच भित्र्या मुलांत हा परिणाम विशेष दिसला. जुळ्या भावंडांच्या कुटुंबांवरील २०१५ च्या स्वीडनमधील अभ्यासात, पालकांची चिंता किशोरवयीन मुलांत उतरण्यामागे आनुवंशिकतेपेक्षा घरातील सहवासाचा वाटा दिसून आला. त्याच वर्षी अमेरिकेत १३६ कुटुंबांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. चिंताविकारग्रस्त पालकांना मुलांसह मार्गदर्शन मिळाले तेथे वर्षभरात ५ टक्के मुलांत असा विकार उद्भवला. केवळ माहितीपत्रक मिळालेल्या कुटुंबांत हे प्रमाण ३१ टक्के होते. जे सहवासातून आले, ते सहवासातूनच पुष्कळ अंशी रोखता येते, असा याचा अर्थ.

या निष्कर्षांचा दुरुपयोगही संभवतो. मुलाला लावलेले विशेषण काढून ते आईला लावणे हा सर्वांत सुलभ दुरुपयोग होय. भुसावळनजीकच्या दीपनगरचा विचार येथे उपयुक्त ठरतो. औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९६८ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आधाराने कर्मचाऱ्यांची वसाहत वाढली. वीजकेंद्र रात्रंदिवस चालते, म्हणून काम पाळ्यांत विभागलेले; नोकरी बदलीची; अहिराणी अथवा लेवा बोलीच्या मुलखात दूरच्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे. अशा वसाहतीत शेजारी हाच सहकारी किंवा वरिष्ठ असतो आणि घराच्या आकारावरून हुद्दा कळतो. सावकाराच्या माणसाची जागा येथे शेजाऱ्याच्या नजरेने घेतली, तर नवल नाही. रात्रपाळी करून दिवसा झोपणारा बाप आणि मुलांना गप्प बसविणारी, आप्तांपासून दुरावलेली आई यांच्या मनावरील ताण मोजल्यावाचून, वर्गात न बोलणाऱ्या मुलाविषयी निर्णय देणे शास्त्रीय ठरणार नाही.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ साली सुरू झाला, आणि पालकांच्या उपचाराचा विचार जिल्ह्याच्या पातळीवर करणे शक्य झाले. शाळेने मुलाविषयी पाठविलेली सूचना आणि पालकाच्या मनाची विचारपूस ही दोन्ही एकाच कामाची अंगे मानली जातील, तेव्हाच या सोयीचा मुलांना उपयोग होईल. गाडीवान बैलाविषयी जो प्रश्न सहज विचारतो, तो मुलाविषयीही विचारला गेला पाहिजे. आणि त्याचे उत्तर शोधताना घराला आरोपी न करता, घरावर कसले ओझे आहे हे पाहिले गेले पाहिजे.