फसली १३४१चा दाखला

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, धोतरांच्या घडीखाली, शाळेचा एक दाखला होता. वर उर्दू मजकूर, खाली मोडीतली सही आणि सालाच्या जागी १३४१. "हे फसली साल. यात ५९० मिळव," आजोबा सांगत. म्हणजे १९३१. निजामाच्या मुलखात मुलाचं शाळेतलं वर्षही सरकारी सनावर मोजलं जाई.

आमचं घर देवल गाणगापूरचं, मठामागच्या आळीतलं. आजी कानडीत बोलायची आणि संध्याकाळी देवापुढे गुरुचरित्र मराठीत वाचलं जायचं. यात कुणालाच काही वेगळं वाटत नसे. ते रचणारे सरस्वती गंगाधर स्वतः कानडी घरातले आणि जवळच्याच कडगंचीचे. पण कचेरीची पायरी चढली की मराठी-कानडी दोन्ही मुक्या. १८८४मध्ये फारसी जाऊन उर्दू राजभाषा झाली होती. अर्ज उर्दूत, निवाडा उर्दूत. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. इंग्रजीऐवजी देशी भाषेतून विद्यापीठ चालवणं ही त्या काळी मोठी गोष्ट होती, तिला मी कमी लेखणार नाही. मात्र राज्यातली बहुसंख्य मुलं तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी होती.

त्या मुलांसाठी १९०७ साली गुलबर्ग्यात नूतन विद्यालय उभं राहिलं. पुढाकार विठ्ठलराव देऊळगावकरांचा. गुलबर्ग्यात वकिली करून पुढे हैदराबादेस गेलेले केशवराव कोरटकर त्यांच्या पाठीशी होते. त्याच सुमारास हैदराबादेत विवेकवर्धिनी निघाली. मग अंबाजोगाईचं योगेश्वरी, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा. पुढे खासगी शाळेला सरकारी परवानगीची अट आली, तरी ही माणसं हटली नाहीत.

आजोबा सांगत ते मात्र या मोठ्या नावांबद्दल नसे. गाणगापूर रोड स्टेशन गावापासून दूर, म्हणून रात्रीच बैलगाडी जुंपायची आणि गुलबर्ग्याला जाणारी पहाटेची आगगाडी धरायची. फी निजामाच्या हाली शिक्क्यात भरावी लागे. सोलापूरच्या मामांनी पाठवलेला इंग्रजी कलदार रुपया आधी बदलून घ्यायचा. जेवण वारावर. सोमवारी एका वकिलांकडे, मंगळवारी एका मास्तरांकडे, असे सहा वार लागले होते. गुरुवार कुणाकडेच नव्हता. त्या दिवशी ते दत्ताचा उपवास आहे असं सांगत. ज्या गावात कुणीही परका दुपारी पाच घरी माधुकरी मागू शकतो, त्या गावचं हे पोर परगावी आपली भूक अशी झाकत होतं. हे त्यांनी आजीलासुद्धा फार उशिरा सांगितलं.

नोकरीसाठी मी माटुंग्याला राहिलो, तेव्हा शेजारच्या तमिळ आजोबांना हा दाखला दाखवला. ते बराच वेळ तो हातात धरून बसले. मग म्हणाले, "आमची पण शाळा ह्याच वेळची." साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ची. पोटासाठी मुंबईत आलेल्या दाक्षिणात्य कुटुंबांनी ती उभी केली. ते स्थलांतर करून परमुलखात आले होते. आमचे लोक आपल्याच गावात राहून परभाषेच्या राज्यात होते. मुलांच्या शिक्षणाची काळजी दोन्हीकडे सारखीच.

१९४८च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली आणि १ नोव्हेंबर १९५६ला गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेला. राजभाषा पुन्हा बदलली. पण कानडी आम्हाला कधीच परकी नव्हती, आणि नूतनचं कामही थांबलं नाही. संस्थेचं आज पदवी महाविद्यालय आहे.

तुमच्याही घरी आजोबा-पणजोबांचे असे फसली सालाचे कागद असतील, तर रद्दीत घालू नका. उर्दू आणि मोडी दोन्ही वाचणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. ती आहेत तोवर त्यांच्याकडून वाचून घ्या, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, कोणता वार कुणाकडे होता ते.