उद्योगमहर्षी कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगाव जिल्ह्याच्या मातीत जन्मलेल्या कर्तृत्ववान पुरुषांत कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे नाव अग्रभागी येते. दि. २० जून १८६९ रोजी गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद त्यांच्या दृष्टीस उमगत नसे. तेव्हा रंगांचा नाद सोडून त्यांनी यांत्रिक आरेखन आत्मसात केले व व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन केले. तेथे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास आले.

वडील बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान चालवीत असतानाच कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर त्यांनी सिद्ध केले. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही.

पुढे शहराच्या विस्तारयोजनेमुळे कारखान्याची जागा रिकामी करण्याची पाळी आली. जो उद्योग बेळगावचे भूषण व्हावयाचा, त्याला बेळगावात ठाव उरला नाही. अशा वेळी औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन व दहा हजार रुपयांचे कर्ज देऊन त्यांना आश्रय दिला. निवडुंग व सर्पांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

लक्ष्मणरावांची खरी थोरवी या वाडीत दिसते. कामगारांसाठी घरे झाली, शाळा झाली. अस्पृश्यतेला वाडीत थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर रात्रीच्या पहाऱ्याचे काम सोपविण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, आणि त्या माणसांनीही तो विश्वास सार्थ केला. १९२० साली पुतणे शंकरराव यांनी येथूनच ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. तिचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले व ते मराठी घराघरांत पोहोचले. दि. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. १९६९ साली, जन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

देवस्थानाच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांच्या फरशा आपण आदराने वाचतो. त्या दानाचे मोल मोठे आहेच. परंतु अन्नदान एका दिवसाची भूक भागविते, तर हाताला दिलेले काम पिढ्यांचे घर चालविते. लक्ष्मणरावांनी हे दुसरे दान केले. आपल्या महाजन मंडळींच्या मुलांपैकी कोणी आज लहानशी कर्मशाळा काढू म्हणेल, तर त्याला जागा व भांडवल देणारा हात आपल्यातूनच पुढे यावा. औंधकरांनी जे केले, ते करण्याची संधी बेळगावच्या हातून एकदा गेली आहे. ती पुन्हा जाऊ नये.