जेफर्सनचा आचारी

परदेशीं गेलेल्या मनुष्याचा पोशाख महिन्या-दोन महिन्यांत बदलतो, भाषा वर्षा-दोन वर्षांत बदलते. जीभ मात्र पुष्कळ दिवस घरचीच राहते. थॉमस जेफर्सन 1784 सालीं अमेरिकेचा प्रतिनिधि म्हणून पॅरिसला गेला व पांच वर्षें तेथें राहिला. फ्रेंच पक्वान्नें, फ्रेंच मद्यें आणि जेवतांजेवतां गप्पा रंगविण्याची फ्रेंच रीत यांचा तो भक्त बनला. तरीसुद्धां शाँझेलिझेवरील आपल्या वाड्याच्या बागेंत त्यानें स्वदेशचा मका लावला होता, आणि त्याचीं कोंवळीं कणसें तो आपल्या देशच्या पद्धतीनें खात असे. हें प्रथम वाचलें तेव्हां तो थोर पुरुष आम्हांस एकाएकीं शेजारच्या घरांतला वाटला.

या जेफर्सनचा 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आम्ही वर्गांत कित्येक वर्षें शिकवीत आलों. सर्व माणसें समान आहेत, हें त्यांतील तत्त्व समजावून सांगतांना आमचा आवाजहि थोडा चढत असे. परंतु पॅरिसच्या त्या वाड्यांत चुलीपुढें कोण उभें होतें, हा प्रश्न आम्हीं विद्यार्थ्यांस कधीं विचारला नाहीं. खरें सांगावयाचें तर स्वतःसहि विचारला नाहीं.

चुलीपुढें उभा होता जेम्स हेमिंग्ज. पॅरिसला आला तेव्हां तो एकोणीस वर्षांचा होता आणि जेफर्सनचा गुलाम होता. नात्यानें पाहिलें तर जेफर्सनची दिवंगत पत्नी ही त्याची सावत्र बहीण. दोघांचा बाप एक, आई वेगळी. त्याला फ्रेंच पाककला शिकवावी या एकाच हेतूनें धन्यानें त्याला समुद्रापार नेलें. जेम्सनें प्रथम एका मेजवान्या पुरविणाऱ्या आचाऱ्यापाशीं उमेदवारी केली. पुढें कोंदेच्या राजपुत्राच्या मुदपाकखान्यांतील आचाऱ्याकडूनहि तो शिकला. 1787 मध्यें तो जेफर्सनच्या घरचा मुख्य आचारी झाला. महिन्यास त्याला 24 लिव्र पगार मिळे, आणि फ्रेंच भाषा शिकण्यासाठीं त्यानें पदरच्या पैशानें शिक्षक ठेविला होता.

ही विद्या सोपी नव्हती. व्हर्जिनियांत मोठ्या उघड्या चुल्हाण्यावर हंडे टांगून रांधण्याची चाल होती. फ्रेंच स्वयंपाकघरांत कमरेइतका उंच विटांचा ओटा असे, त्यांत कोळशाचीं अनेक लहान वैलें असत, आणि प्रत्येकाची आंच निराळी राखावी लागे. अंडें आणि लोणी यांचा रस फाटूं न देतां दाट करावयाचा, तर अशी मंद, हुकमी आंच हवीच. जेम्सनें ती हुकमत हस्तगत केली.

परंतु पॅरिसमध्यें त्याला आणखीहि एक वस्तु मिळण्यासारखी होती. फ्रान्सच्या भूमीवर आलेल्या गुलामानें न्यायालयांत अर्ज केला, तर त्याची मुक्तता होऊं शके. जेफर्सनला हें पक्कें ठाऊक होतें. 1786 मध्यें एका देशबांधवानें आपल्या गुलाम मुलाविषयीं सल्ला विचारला, तेव्हां त्यानें सुचविलें कीं, गवगवा करूं नये; मुलगा लहान आहे, त्याला हक्क मागण्याचें सुचणार नाहीं! जाहीरनामा लिहिणाऱ्या लेखणीनेंच हेंहि लिहिलें. 1789 मध्यें, फ्रेंच राज्यक्रांतीच्या ऐन धामधुमींत, जेम्स धन्याबरोबर परत गेला. त्याची आई आणि भावंडें मॉन्टिसेलोच्या मळ्यावर गुलामगिरींतच होतीं, हें येथें विसरतां येत नाहीं.

पाठोपाठ फ्रान्सहून 86 पेट्या सामान आलें. 1790 च्या जून महिन्यांत न्यूयॉर्क येथें जेफर्सनच्या घरीं हॅमिल्टन व मॅडिसन जेवले आणि राष्ट्राचें कर्ज व राजधानीची जागा यांविषयीं तडजोड ठरली. त्या घरचा आचारी जेम्सच होता. इतिहासकारांनीं तडजोडीवर ग्रंथ लिहिले. पंक्तीला वाढलें कोणी रांधून, याची चौकशी फार उशिरां झाली.

1793 मध्यें जेफर्सननें त्याला करार लिहून दिला: तुझ्या शिक्षणावर आमचा बराच खर्च झाला आहे, तेव्हां तूं दुसऱ्या कोणास तरी हीच कला शिकव, मग तूं मोकळा. जेम्सनें आपला धाकटा भाऊ पीटर यास शिकविलें. म्हणजे एका भावाच्या मुक्तीचें मोल दुसऱ्या भावाच्या चाकरीनें फेडलें गेलें! 5 फेब्रुवारी 1796 रोजीं तो स्वतंत्र झाला. त्याच महिन्यांत त्यानें स्वहस्तें लिहिलेली स्वयंपाकघरांतील भांड्यांची यादी आजहि उपलब्ध आहे. तांब्याचीं 19 पातेलीं, 19 झांकणें, अशी ती सुरू होते.

1801 मध्यें जेफर्सन राष्ट्राध्यक्ष झाला. जेम्सनें आपला आचारी व्हावें असा निरोप त्यानें मध्यस्थामार्फत बाल्टिमोरला पाठविला. जेम्सनें एवढेंच मागितलें कीं, अटी व वेतन आपण आपल्या हातानें दोन ओळींत लिहून कळवावें. त्या ओळी आल्या नाहींत. जागा एका फ्रेंच आचाऱ्यास मिळाली. त्या उन्हाळ्यांत दीड महिना त्यानें मॉन्टिसेलोला पगारी काम केलें, आणि शरदृतूंत त्यानें आत्महत्या केल्याची वार्ता आली. वय अवघें छत्तीस.

पुढें दीड शतकानें, 1948 च्या नोव्हेंबरांत, ज्यूलिया चाइल्ड नांवाची एक अमेरिकन गृहिणी पतीच्या सरकारी नोकरीनिमित्त फ्रान्समध्यें उतरली. रूआँ येथें खाल्लेल्या लोण्यांतील माशानें तिचें आयुष्य पालटलें. 1949 मध्यें ती पॅरिसच्या पाकशाळेंत दाखल झाली. तिच्या वर्गांतील माजी अमेरिकन सैनिकांची फी त्यांचें सरकार भरीत असे. 1961 मध्यें दोन फ्रेंच मैत्रिणींसह लिहिलेला तिचा ग्रंथ निघाला आणि अमेरिकेच्या घरोघरीं फ्रेंच पदार्थ शिजूं लागले. तिचें श्रेय आम्ही तिळभरहि कमी करीत नाहीं. तिनें कष्ट केले, आणि शिकलेलें मोकळ्या हातानें वांटलें. परंतु तेंच शहर, तीच विद्या आणि तीच मंद आंच असतां, एकीचें नांव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आलें आणि दुसऱ्याच्या हातची भांड्यांची यादी उरली, हा फरक बुद्धीचा किंवा हातगुणाचा नव्हे. शिकणारा स्वतःचा धनी होता कीं नव्हता, एवढाच तो फरक आहे.

आमच्याकडेहि थोरांच्या पंक्तींचीं वर्णनें रसभरित असतात. त्यांत आचाऱ्याचें नांव क्वचितच सांपडतें. आतां आम्ही जाहीरनाम्याचा पाठ घेतों तेव्हां शेवटीं ती यादी फळ्यावर लिहितों: 19 पातेलीं, 19 झांकणें. विद्यार्थी प्रथम हंसतात. मग एखादा विचारतो, ‘‘हें कोणीं लिहिलें?’’ खरा पाठ तेथून पुढें सुरू होतो.