चित्राची चौकट आणि मांडणशिल्प

‘इन्स्टॉलेशन’साठी मराठीत ‘मांडणशिल्प’ हा शब्द रुळला आहे आणि तो चपखल आहे. वस्तू, चित्रे, आवाज, उजेड एखाद्या जागेत असे मांडायचे की ती जागाच कलाकृती व्हावी. चित्रासमोर प्रेक्षक उभा राहतो; मांडणशिल्पात तो शिरतो.

चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेले चित्र महाराष्ट्रात फार जुने नाही. पेशवाईतल्या वाड्यांत चित्रे थेट भिंतीच्या गिलाव्यावर काढली जात. मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यात ती आजही दिसतात. वाडा सोडून ती कुठे नेता येत नसत. १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि तैलरंग व यथार्थदर्शन शिकवले जाऊ लागले. १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली, १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना निघाला आणि काचेआडच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. चित्र ही विकत घेण्याची, उचलून नेण्याची वस्तू झाली.

मांडण्याची हौस मात्र घरादारात होतीच. पुणे जिल्ह्यात दिवाळीला मुले किल्ला करतात. दगड-विटांचे तुकडे रचायचे, त्यावर भिजवलेले बारदान टाकायचे, लाल मातीचा चिखल थापायचा आणि उतारावर हळीव किंवा मोहरी पेरायची. चार दिवसांत कोवळे रान उगवते. मग मातीचे मावळे उभे राहतात, माथ्यावर महाराज बसतात. राजगडाच्या पाली दरवाजाखालच्या पाली गावात तर नमुन्याचा गड डोळ्यांसमोरच असतो. दिवाळी सरली की किल्ला मोडतो.

याला मांडणशिल्पाचा पूर्वज म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. किल्ल्याची रीत सर्वांना ठाऊक असते, त्याचा अर्थही पाहणाऱ्याला आधीच माहीत असतो. मांडणशिल्पात तो प्रत्येक वेळी नव्याने लावावा लागतो. साम्य आहे ते तात्पुरतेपणात आणि जागेशी बांधलेले असण्यात.

मुंबईत या कलाप्रकाराने मूळ धरले ते १९९० नंतर. १९९२ मध्ये नलिनी मालानी यांनी केमोल्ड कलादालनात ‘सिटी ऑफ डिझायर्स’ केले. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याच्या जीर्ण होत चाललेल्या भित्तिचित्रांची हळहळ त्यामागे होती. त्यांनी कलादालनाच्या भिंतींवरच रेखाटने केली. घरी नेण्यासारखे त्यात काही नव्हते. प्रदर्शन संपल्यावर भिंती पुन्हा पांढऱ्या झाल्या. त्याच वर्षी मकबूल फिदा हुसेन यांनी जहांगीर कलादालनात ‘श्वेतांबरी’ मांडले: दालने पांढऱ्या कापडाने वेढलेली, जमिनीवर वर्तमानपत्रांचे कपटे. ज्यांची चित्रे हातोहात विकली जात, त्यांनीच दालन असे रिकामे ठेवावे, हे मोठेच धाडस होते.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईतल्या दंगलींनंतर चौकटीबाहेर पडण्याची गरज आणखी तीव्र झाली. विवान सुंदरम यांच्या ‘मेमोरियल’च्या (१९९३) केंद्रस्थानी दंगलीत रस्त्यावर मरून पडलेल्या एका माणसाचे वर्तमानपत्रातले छायाचित्र आहे. त्यावर खिळे ठोकलेले आहेत आणि पत्र्याच्या ट्रंकांची कमान उभी आहे. त्या अनाम माणसाला चित्राने आठवणीत ठेवले असते. इथे त्याच्या स्मारकातून चालत जावे लागते. तिथे मांडणशिल्प चित्रापेक्षा खोलवर पोचते.

जतनाच्या बाबतीत मात्र चित्र वरचढ ठरते. कॅनव्हास स्वच्छ करता येतो, त्याचे वार्निश बदलता येते, तो शंभर वर्षांनीही पाहता येतो. ‘सिटी ऑफ डिझायर्स’ आता फक्त छायाचित्रांत आणि चित्रफितीत उरले आहे.