परळची शस्त्रक्रिया, बंगळुरूची किण्वनटाकी

फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी एका मृत व्यक्तीचे हृदय एका रुग्णाच्या छातीत बसवले. केप टाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केलेल्या पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. जगातील हे सहावे मानवी हृदयप्रत्यारोपण होते. रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी सेन यांनी दुसरा प्रयत्न केला. तो रुग्ण चौदा तास जगला.

प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे नव्हती म्हणून सेन यांना यश आले नाही, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. शरीराने परका अवयव नाकारण्याला, म्हणजे रिजेक्शनला, सहसा काही दिवस लागतात आणि केईएममध्ये तेवढा अवधी मिळालाच नाही. पहिल्या रुग्णाच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा विरोध इतका वाढलेला होता की नवे हृदय त्याविरुद्ध रक्त ढकलू शकले नाही. शिवाय औषधे अगदीच नव्हती असेही नाही. अ‍ॅझाथायोप्रिन होते, स्टेरॉइड होते. पण ती ढोबळ होती. बर्नार्ड यांचा पहिला रुग्ण अठराव्या दिवशी दगावला तो न्यूमोनियाने. परक्या हृदयावरचा हल्ला रोखताना जंतूंविरुद्धचा पहाराही उठला होता.

१९६८ या एका वर्षात जगभर शंभराहून अधिक हृदये बदलली गेली. बहुतेक रुग्ण काही महिन्यांतच गेले आणि एकामागून एक रुग्णालयांनी हे काम थांबवले. स्टॅनफर्डचे नॉर्मन शमवे मात्र थांबले नाहीत. तिथे १९७०च्या दशकाच्या आरंभी फिलिप केव्ह्स यांनी मानेच्या शिरेतून बारीक चिमटा हृदयात नेऊन स्नायूचा कण तपासणीसाठी काढण्याची रीत बसवली. माझ्या मते या कथेतील सर्वांत दुर्लक्षित पाऊल हेच. त्याआधी डॉक्टर औषधाची मात्रा बरीचशी अंदाजानेच वाढवत किंवा कमी करत; आता रिजेक्शन सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागले.

औषध मिळाले ते मातीत. बाझेलच्या सँडोझ कंपनीत नॉर्वेच्या हार्डांगरविड्डा पठारावरील मातीतून एक बुरशी वेगळी काढली गेली. शोध जंतुनाशकाचा होता. हाती लागले सायक्लोस्पोरिन. १९७२ च्या सुमारास त्याचा प्रतिकारशक्तीवरील परिणाम लक्षात आला आणि झाँ-फ्रान्स्वा बोरेल यांनी तो चिकाटीने तपासला. १९७८ मध्ये केंब्रिजच्या रॉय काल्न यांनी मूत्रपिंडाच्या रुग्णांना ते दिले. डिसेंबर १९८० मध्ये स्टॅनफर्डने हृदयासाठी वापरले. जुनी औषधे भराभर विभागणाऱ्या सर्वच पेशींना रोखत. सायक्लोस्पोरिन टी-पेशींतील कॅल्सिन्युरिन हे विकर अडवते. त्यामुळे परक्या ऊतीची ओळख पटली, तरी कुमक बोलावणारा इंटरल्युकिन-२ हा संदेश पुरेसा तयार होत नाही. किंमत मोजावी लागते ती मूत्रपिंडांना.

भारतात मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती, त्यामुळे औषध येऊनही वाट पाहावी लागली. १९९४ मध्ये संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले. मुंबईला आणखी दोन दशके लागली. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून विमानाने आणलेले हृदय मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने बसवले.

तोवर औषधांची पिढी बदलली होती. जपानमधील त्सुकुबाच्या मातीतील जिवाणूपासून १९८४ मध्ये टॅक्रोलिमस मिळाले होते. ईस्टर बेटाच्या मातीतून आलेल्या सिरोलिमसचा पाठपुरावा मूळ भारतीय असलेल्या सुरेंद्रनाथ सेहगल यांनी केला. कंपनीने मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली तेव्हा त्यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला होता!

ही सारी सूक्ष्मजीवांची उत्पादने. ती टाकीत, किण्वनाने तयार होतात. इथे बंगळुरू या इतिहासात येते. १९७८ मध्ये तिथे स्थापन झालेल्या बायोकॉनची सुरुवात पपईपासूनच्या पपेनसारख्या विकरांनी झाली. त्यातूनच पुढे किण्वनाचे कौशल्य वाढले. आज ही कंपनी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि सिरोलिमस बनवते. तिच्या टॅक्रोलिमस कॅप्सूलला २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. हृदय बदललेल्या माणसाला ही औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. ती देशात बनणे म्हणूनच शस्त्रक्रियेच्या कौशल्याइतकेच महत्त्वाचे आहे.

औषधाची मात्रा आजही तारेवरची कसरत आहे. रक्तातील पातळी थोडी घसरली तर रिजेक्शन, थोडी चढली तर मूत्रपिंडाला इजा. आणि आपल्याकडे सुप्त क्षयरोग डोके वर काढण्याची धास्ती वेगळीच. पपनसाच्या जातीतील ग्रेपफ्रूट खाल्ल्यानेही ही पातळी चढते. म्हणून रुग्ण टॅक्रोलिमस रोज ठरलेल्या वेळीच घेतो आणि तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी घेण्याआधी रक्त देतो.