हात लावून पाहा

देवघरातला शाळिग्राम लहानपणी लांबूनच पाहायचा. पारोशा हातानं शिवायचं नाही, हा आजीचा कायदा. गंडकी नदीतल्या त्या काळ्या गोट्यात वळसे घेऊन बसलेला अमोनाइट हा समुद्री प्राण्याचा सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म आहे, हे कळायला बरीच वर्षं गेली. पुढं संग्रहालयातही तोच कायदा भेटला, फक्त पाटीवर लिहिलेला: 'वस्तूंना हात लावू नये.'

ही पाटी संग्रहालयाइतकीच जुनी असेल असं वाटतं, पण तसं नाही. ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन संग्रहालय १६८३ मध्ये लोकांना खुलं झालं. तिथला अभिरक्षक एडवर्ड लुइड यानं १६९९ मध्ये ब्रिटनमधल्या जीवाश्मांची यादी छापली. १७१० साली तिथं गेलेला उफेनबाख हा जर्मन प्रवासी मात्र वैतागला. सहा पेन्स देऊन आलेली माणसं दिसेल ते उचलून पाहतात आणि रखवालदाराला जुमानत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. म्हणजे आधी हात होते. काच मागाहून आली.

गर्दी वाढली तशी काच येणं भागच होतं. झिजलेलं हाड पुन्हा मिळत नाही. यातून एक वाट काढली ती प्लॅस्टरनं. अमेरिकेत रॉचेस्टरच्या हेन्री वॉर्डनं १८६६ मध्ये जीवाश्मांच्या ओतीव नकलांची विक्रीयादीच काढली. नक्कल फुटली तर साच्यातून दुसरी ओतता येते, त्यामुळे ती विद्यार्थ्यांच्या हाती देताना जीव वरखाली होत नाही.

मग मुलांसाठी वेगळी जागा झाली. १६ डिसेंबर १८९९ रोजी ब्रुकलिनमध्ये जगातलं पहिलं बालसंग्रहालय उघडलं. १९०२ मध्ये तिथं आलेल्या अ‍ॅना बिलिंग्ज गॅलप या विज्ञानशिक्षिकेनं १९३७ पर्यंत त्याला वळण लावलं: इथं आधी मूल, मग वस्तू. १९६२ मध्ये बॉस्टनच्या बालसंग्रहालयाची सूत्रं मायकेल स्पॉक यांच्याकडे आली. वाचन-लेखनाची अडचण त्यांनी स्वतः सोसली होती. म्हणून वाचायला लावण्याऐवजी त्यांनी वस्तू मधोमध चिरून पोटात काय आहे ते दाखवलं. १९७४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन निसर्गसंग्रहालयानं खास खोलीच उघडली. खोका घ्यायचा, झाकण काढायचं, आतली हाडं, शिंपले, दगड हातात धरून न्याहाळायचे.

भूशास्त्रात ही मुभा म्हणजे लाड नव्हेत. ती या शास्त्राची रीतच आहे. फ्रीडरिश मोस यानं १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची उतरंड लावली, ती ओरखडे काढूनच. शंखजिऱ्यावर नखानं रेघ उमटते, गारेवर उमटत नाही. चुनखडीवर सौम्य आम्लाचा थेंब पडला की फेस येतो. नुसत्या डोळ्यांना यातलं काही कळत नाही, उलट डोळे फसतातच. हेमॅटाइटचा करडा, लोखंडासारखा चमकणारा खडा घ्या आणि पांढऱ्या टाइलच्या खरखरीत मागच्या बाजूवर जोरानं ओढा. पोर थबकतं, खड्याकडे बघतं, पुन्हा टाइलकडे. करड्या दगडानं विटेसारखी तांबडी रेघ ओढलेली असते.