चार घरांची आया

इंग्रजी शब्दकोडें हा खेळ फारसा जुना नव्हे. आर्थर विन याचें पहिलें कोडें न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' पत्रांत २१ डिसेंबर १९१३ रोजीं छापलें गेलें. लंडनच्या 'टाइम्स'नें तर १९३० पर्यंत त्याला दाराबाहेरच उभें केलें होतें. परंतु या कोड्यांतून जी चाकरमंडळी राबते, तिच्यांतील कित्येकजण त्याच्या पुष्कळ आधीं हिंदुस्थानांतील बंगल्यांतून आणि छावण्यांतून इंग्रजींत शिरलेले आहेत.

नाशिकजवळची देवळाली ही अशीच एक छावणी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुदत संपलेले गोरे शिपाई येथें येऊन जहाजाची वाट पाहत. जहाजें हिवाळ्याच्या मोसमांतच सुटत. तो हुकला कीं पुढच्या मोसमापर्यंत मुक्काम. या रिकामपणांत ज्याचें डोकें फिरे, त्याला 'डूलाली टॅप' झाला म्हणत. डूलाली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला साधा ताप! फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायानें १९३६ सालच्या आपल्या आठवणींत ही हकीकत दिली आहे. आज कोड्यांत 'डूलाली' म्हणजे वेडा. शेजारच्या शब्दाचीं अक्षरें उलटसुलट करावयाची खूण म्हणूनहि गांवाचें हें नांव चालतें.

बराकींतून चहावाला फिरे. शिपायांच्या बोलींत चहा म्हणजे 'चार'. गंमत अशी, कीं विलायतेंत घर झाडण्यास येणारी मोलकरीणहि 'चार'च. तो शब्द मात्र अस्सल इंग्रजी, मूळ अर्थ पाळी किंवा वळण. या बाईला तेथें 'डेली', म्हणजे रोजची, असेंहि म्हणतात. तेव्हां 'रोजचें पेय' एवढीच खूण आली, तर नवशिका दूध-कॉफी आठवीत बसतो आणि मुरलेला 'चार' लिहून मोकळा होतो.

'बॉय' या हाकेची कथा इतकी हंसण्यासारखी नाहीं. यूल व बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ सालच्या कोशांत तिचे दोन अर्थ आहेत: घरगडी आणि पालखी वाहणारा. दुसरा अर्थ दक्षिणेकडील 'बोयि' या जातिनामावरून आला. मराठींतला भोई त्याच कुळांतला. साहेबाच्या कानाला दोन्ही सारखेच. खांद्याला घट्टे पडलेला, नातवंडें असलेला माणूस आपल्याच जातीच्या नांवानें पोरगा ठरला, आणि हाकेला 'जी' म्हणत राहिला.

आया मूळची पोर्तुगीज. इंग्रजी लिपींत तिचीं अक्षरें चार, त्यांत 'ए' दोनदां. म्हणून अडलेला कोपरा भरावयाला कोडें रचणारा तिलाच हाक मारतो. मराठी कोड्यांत एका घरांत अख्खें अक्षर मात्रेसह बसतें. तेथें आयेचें काम दोन घरांतच आटोपतें.